व्हॉलीबॉलचा स्मॅश नीट बसत नाहीये? अप्रोच (उडीआधीची पावलं) आणि हाताच्या स्विंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं संध्याकाळी आमच्या गावातल्या ग्राऊंडवर पोरापोरींची प्रॅक्टिस घेतोय, आणि ग्राऊंडच्या कडेला उभं राहून, फोनवर, व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतोय. पावलं सगळी उजव्या हाताने मारणाऱ्यांच्या हिशोबाने सांगितलीत, डावखुऱ्यांसाठी खाली वेगळा प्रश्न आहे. एक गोष्ट आधीच सांगतो, माझ्याकडे येणारे बहुतेक जण "सर हात बिघडलाय" म्हणत येतात आणि बिघाड निघतो पायात, त्यामुळे हाताचं वाचायची कितीही घाई असली तरी पायाचे प्रश्न गाळू नका.

हातात ताकद आहे, जिमला पण जातो, तरी स्मॅश एकतर नेटमध्ये नाहीतर थेट बाहेर. हाताचं काय चुकतंय?

आधी हे बघा की हात लागतो त्या क्षणी बॉल कुठे असतो. डोक्याच्या वर किंवा मागे गेलेला असेल तर बॉल बाहेरच जाणार, कारण हात बॉलच्या खालून लागतो. आणि बॉल खाली उतरून आलेला असेल तर कोपर वाकतो आणि बॉल नेटमध्ये. दोन्हीचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. लिफ्ट (सेटरने, म्हणजे टीममधल्या बॉल बनवून देणाऱ्याने, मारण्यासाठी वर दिलेला बॉल) वर गेली रे गेली की पोरगं पळत सुटतं, बॉलच्या अगदी खाली जाऊन थांबतं, वर बघत वाट बघतं आणि मग जागच्या जागी उडी मारतं. पळून आलेला सगळा वेग त्या थांबण्यात संपला, बॉल पण डोक्यावर आला, आता हात कितीही दणकट असू दे, त्याला मारायला जागाच उरली नाही. बॉल तुमच्या उजव्या खांद्याच्या समोर, हातभर नाही पण वीतभर तरी पुढे हवा. ही जागा पाय बनवतात.

तीन पावलांचा अप्रोच बरा की चार?

नवीन असाल तर तीनच. डावा, उजवा, डावा. चार पावलांत फक्त सुरुवातीला उजव्याचं एक छोटं पाऊल वाढतं, म्हणजे उजवा, डावा, उजवा, डावा. शेवटची तीन तीच राहतात. चौथ्या पावलाचा फायदा असा की लिफ्ट कशी येतेय ते बघत बघत हळू चालू करता येतं, थोडा वेग आधीच अंगात येतो. पण ज्याची शेवटची दोन पावलं बसलेली नाहीत त्याने पाऊल वाढवून काही मिळत नाही, गोंधळ मात्र वाढतो.

सुरुवात कुठून करायची तर साधारण नेटपासून तीन मीटरवरच्या लाईनच्या थोडं मागून. चार नंबरवरून, म्हणजे नेटजवळच्या डाव्या जागेवरून, मारणाऱ्याने साईडलाईनच्या बाहेर जाऊन उभं राहायचं आणि तिरकं आत यायचं. आपल्याकडे पोरं लाईनच्या आत नेटला चिकटून उभी राहतात आणि मग सरळ नेटवर धावून जातात, मग त्यांना ना क्रॉस (कोर्टात तिरका) नीट मारता येतो ना लाईन (साईडलाईनला धरून सरळ). सर्व्हिस रिसीव्ह झाली की लगेच बाहेर पळा, ही सवय स्मॅशएवढीच घोटवावी लागते.

शेवटची दोन पावलं नक्की कशी टाकायची? प्रत्येक जण वेगळंच सांगतो.

इथे थोडं थांबून वाचा, सगळं इथेच आहे.

पहिलं डावं पाऊल छोटं आणि शांत, ते फक्त दिशा ठरवतं. मग उजवं पाऊल लांब आणि जमिनीलगत, उड्या मारत नाही तर घसटत गेल्यासारखं, आणि टाच आधी टेकते. या पावलाला पुढे पळणारं अंग ब्रेक लागल्यासारखं मागे रेलतं, गुडघे वाकतात, कंबर खाली बसते. मग डावं पाऊल पटकन येऊन उजव्याच्या थोडं पुढे, नेटच्या बाजूला टेकतं. दोन्ही पावलांची बोटं सरळ नेटकडे नकोत, थोडी उजवीकडे, सेटरच्या दिशेला वळलेली हवीत. त्यामुळे डावा खांदा नेटकडे येतो, छाती सेटरकडे उघडी राहते आणि हवेत गेल्यावर फिरायला कंबरेत जागा शिल्लक राहते. बोटं सरळ नेटकडे ठेवून उडी मारली की कंबर आधीच फिरून झालेली असते, मग उरतो फक्त हात आणि खांदा, आणि तिथूनच खांदेदुखीला सुरुवात होते.

ताल कानाने ओळखा. आमच्या ग्राऊंडवर मी पोरांना डोळे मिटून एकमेकांचे पाय ऐकायला लावतो. बरोबर अप्रोचचा आवाज येतो "टाक... टाटक". पहिलं एकटं, मग गॅप, मग दोन जवळजवळ चिकटून. चुकीचा आवाज "टाक, टाक, टाक" असा सारख्या अंतराने येतो, घड्याळासारखा. हळू सुरू करून शेवटाला जोरात, हा एक बदल केला तरी पंधरा दिवसांत उडीत फरक दिसतो.

जमिनीवर चुन्याने तीन पावलांच्या खुणा करून घ्या. एक मुलगा कितीही सांगितलं तरी दुसरं पाऊल लांब टाकत नव्हता. शेवटी पहिल्या आणि दुसऱ्या खुणेच्या मध्ये जुनी सायकलची ट्यूब आडवी ठेवली आणि म्हटलं ही ओलांडायची. तिसऱ्या दिवशी ट्यूब काढली तरी पाऊल लांबच पडत होतं. तोंडी सांगून जे आठवडाभर होत नाही ते ट्यूबने तीन दिवसांत होतं.

टायमिंग काही केल्या जमत नाही. नेहमी लवकर उडी जाते.

लवकर उडी जाणाऱ्यांना मी थोडं गणित सांगतो, कारण एकदा डोक्यात बसलं की पाय ऐकतात. समजा तुमची उडी ६० सेंटीमीटर आहे. जमीन सोडल्यापासून सगळ्यात वर पोचायला तुम्हाला साधारण ०.३५ सेकंद लागतो. आता समजा लिफ्ट तुमच्या मारायच्या जागेपेक्षा २ मीटर वर गेली. तिथून खाली तुमच्या हातापर्यंत यायला बॉलला साधारण ०.६४ सेकंद लागतो. म्हणजे बॉल वरच्या टोकाला पोचून परत फिरला, साधारण ४० सेंटीमीटर खाली आला, तेव्हा कुठे तुमचे पाय जमीन सोडायला हवेत. आणि शेवटची दोन पावलं टाकायला जो वेळ लागतो तो धरला तर ते लांब उजवं पाऊल सुरू व्हायला हवं बॉल वरच्या टोकाला असताना.

पोरं काय करतात, तर बॉल सेटरच्या हातातून सुटला की धावतात. उंच लिफ्टला तो फार लवकर आहे. तुम्ही पहिलं डावं पाऊल टाकून बॉल वाचा, बॉल टोकाला पोचला की "आत्ता" असं मनात म्हणून शेवटची दोन टाका. पहिले काही दिवस मोठ्याने म्हणा, लाजायचं कारण नाही.

मधल्या क्विकचं (नेटच्या मध्यावर दिलेली बुटकी, झटपट लिफ्ट) सगळं उलट असतं, तिथे सेटरच्या हातात बॉल येतो तेव्हाच मारणारा हवेत जात असतो आणि सेटर बॉल त्याच्या हातावर ठेवतो. तो वेगळा विषय, उंच लिफ्ट आधी जमू दे.

माझी पावलं उलटी पडतात, शेवटी उजवा पुढे येतो. बदलू का?

उजव्या हाताने मारता आणि शेवटी उजवा पाय पुढे येतो, तर कंबर आधीच नेटकडे फिरून बसते आणि स्विंगमधली फिरकी जाते. शाळेत असाल किंवा खेळायला लागून वर्ष दोन वर्षं झाली असतील तर नक्की बदला, आताच. दोन तीन आठवडे सगळं वाईट होईल, बॉल हुकेल, टीममधले वैतागतील, तरी बदला. पण दहा वर्षं असंच खेळत आलेला, पस्तिशीचा, क्लबच्या मॅचमध्ये पॉइंट काढणारा माणूस असेल तर मी हात लावत नाही. अशा पावलांनी वरच्या लेव्हलला खेळलेले पण आहेत. दोन नंबरवरून (नेटजवळच्या उजव्या जागेवरून) मारताना तर त्यांना त्याचा तितका त्रासही होत नाही. त्यांनी फक्त बॉल पुढे ठेवायची काळजी घ्यावी.

मी डावखुरा आहे, मला सगळं उलटं?

हो, आरशासारखं. तीन पावलांत उजवा, डावा, उजवा, म्हणजे लांब ब्रेकचं पाऊल डावं. दोन नंबरची जागा तुमची हक्काची, तिथे डावखुऱ्याला लिफ्ट बॉल अंगावरून न जाता थेट मारायच्या हाताकडे येते. डावखुरं पोरगं दिसलं की मी त्याला पहिल्या दिवसापासून दोन नंबरला उभं करतो.

पळताना हात कुठे असावेत? माझे नुसते लटकत असतात.

लटकणारे हात म्हणजे फुकट घालवलेली उडी. खात्री करून घ्यायची तर घरच्या भिंतीला खडूने करा. हात कंबरेला धरून उडी मारा आणि डोकं कुठे पोचतं ते मित्राला बघायला सांगा, मग हात मागून पुढे झोकून उडी मारा आणि परत बघा. दोन खुणांमधला फरक बघून पोरं स्वतःच हात वापरायला लागतात.

क्रम असा. डाव्या पहिल्या पावलाला हात थोडे पुढे. लांब उजव्या पावलाबरोबर दोन्ही हात सरळ मागे, जितके वर जातील तितके, खांद्याच्या लेव्हलला आले तर उत्तम. शेवटचं डावं टेकताना हात खाली गुडघ्यांजवळून पुढे येतात आणि पाय जमीन सोडतात तेव्हा दोन्ही हात समोरून जोरात वर. दोन्ही, हे महत्त्वाचं. फक्त मारायचा हात वर नेणारे अर्धी उडी खाली ठेवून येतात.

स्विंग स्वतः कसा असावा? कोपर, मनगट, खांदा, डोक्यात सगळा गोंधळ होतो.

चिंचा पाडायला दगड मारलाय कधी? उंच फांदीवरच्या चिंचेला? तोच स्विंग. कोणी शिकवलेला नसतो तरी आपण डावा पाय पुढे टाकतो, उजवा खांदा मागे नेतो, डावा हात फांदीकडे रोखतो, मग कंबर फिरते, तिच्यामागून खांदा, खांद्यामागून कोपर आणि सगळ्यात शेवटी हात चाबकासारखा येतो. ज्यांनी लहानपणी भरपूर दगड मारलेत त्यांना स्मॅश लवकर येतो, हे मी खूप वेळा बघितलंय. आणि ज्या मुलींना कधी कोणी दगड किंवा बॉल फेकू दिला नाही त्यांना मी आधी महिनाभर नुसतं टेनिस बॉल फेकायला लावतो, नेटवरून, पूर्ण अप्रोच घेऊन. कोपर, खांदा असं एकेक तोंडी सांगण्यापेक्षा हे लवकर बसतं.

तरी बघायच्या जागा सांगतो. दोन्ही हात वर गेल्यावर मारायचा हात मागे ओढताना कोपर खांद्याच्या लेव्हलला किंवा थोडा वर राहिला पाहिजे, तळहात कानाच्या बाजूला, धनुष्य ताणल्यासारखं. कोपर बरगडीकडे पडला की तिथून हात ढकलला जातो, मारला जात नाही. पुढे येताना आधी कोपर बॉलकडे निघतो आणि हात मागून येतो. बॉलला लागताना हात पूर्ण सरळ. आणि मारून झाल्यावर हात मध्येच थांबवू नका, खाली कंबरेपर्यंत जाऊ द्या. हवेत हात अचानक थांबवला की तो सगळा झटका खांदा खातो.

डाव्या हाताचं काय काम?

खूप मोठं. डावा हात बॉलकडे रोखलेला असतो, त्यामुळे बॉल कुठे आहे याचा अंदाज राहतो आणि डावा खांदा वर राहतो. मारायच्या क्षणी डावा हात कोपरात दुमडून जोरात पोटाकडे ओढायचा. विहिरीच्या रहाटासारखं, एक बाजू खाली गेली की दुसरी वर येते. ज्यांचा डावा हात नुसता बाजूला लोंबतो त्यांना मी एकच काम देतो, आजच्या सगळ्या स्मॅशमध्ये फक्त डावा हात ओढायचा, बॉल कुठे पण जाऊ दे. अर्ध्या तासात आवाज बदलतो. आधी "फट" येत होता तो "ठाप" यायला लागतो.

मनगटाचा झटका कसा आणायचा? व्हिडिओत सगळे मनगट मोडायला सांगतात.

मनगटाला लोक जरा जास्तच भाव देतात. बॉल हातावर इतका कमी वेळ असतो की त्यात मुद्दाम काही करायला सवडच नसते. बॉल खाली वळतो तो टॉपस्पिनमुळे, आणि टॉपस्पिन येतो हात बॉलच्या मागच्या बाजूला मध्यावर किंवा थोडा वर लागून पुढे वरून घसरल्यामुळे. त्यासाठी बोटं पसरलेली, हात बॉलच्या आकाराचा, आणि मनगट सैल पण हात लुळा नाही. आधी तळहाताचा खालचा भाग लागतो, मग बोटं वरून येतात. मनगट मुद्दाम जोरात दाबायला गेलात तर बोटंच लागतात आणि बॉल नेटच्या पायथ्याशी पडतो.

तपासायचं असेल तर बॉल जाळीत घालून झाडाच्या फांदीला दोरीने टांगा, हात सरळ वर केल्यावर तळहात लागेल इतक्या उंचीवर. मारा. बॉल सरळ पुढे जाऊन सरळ परत आला तर हात मधोमध बसला. गोल फिरत परत आला तर कडेला लागलाय. आमच्या ग्राऊंडच्या लिंबाला असा एक बॉल कायम टांगलेला आहे, आणि एका मुलीने रोज प्रॅक्टिसच्या आधी वीस मिनिटं लवकर येऊन फक्त त्यावर हात बसवला. सुरुवातीला बॉल तिच्या डोक्याभोवती गोल गोल फिरायचा. आता तिचा क्रॉस उचलायला मुलं पण दोन पावलं मागे सरकतात.

माझी उंची ५ फूट ६ इंच. मी स्मॅशर होऊ शकतो का?

आकडेच मांडू. पुरुषांचं नेट २.४३ मीटर. पाच-सहाच्या माणसाचा उभ्याने वर केलेला हात साधारण २१५ सेंटीमीटरला पोचतो. ६० ची उडी असेल तर बोटं २७५ ला, म्हणजे नेटच्या ३२ सेंटीमीटर वर. बॉल बोटांच्या टोकाला नाही, तळहातावर बसतो, ते दहा एक सेंटीमीटर वजा करा, राहिले २२. हे पुरेसे आहेत. आता कोपर थोडा वाकवा, समजा १५ सेंटीमीटर गेले. राहिले ७. बॉलचा घेर ६५ ते ६७ सेंटीमीटर असतो, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत साधारण साडेदहा. तुमच्या बॉलचा खालचा भाग आता नेटच्या पट्टीच्या खाली आहे. उडी तीच, ताकद तीच, फक्त कोपर वाकल्यामुळे बॉल पट्टीत. उंच पोराला वाकलेला कोपर परवडतो, तुम्हाला परवडत नाही, म्हणून कमी उंचीवाल्याने हाताची टेक्निक जास्त घोटायची. ब्लॉकच्या (समोरून नेटवर हात वर करून अडवणाऱ्यांच्या) बोटांना लावून बॉल बाहेर काढायला शिका, ते तुमचं खरं हत्यार होईल.

मुलींचं नेट २.२४ मीटर, तिथे पण हिशोब असाच करून बघा.

काही प्लेअर हवेत थांबल्यासारखे वाटतात. ते कसं करायचं?

जुन्या लोकांसमोर हा विषय काढला की जिमी जॉर्जचं नाव निघतंच. केरळमधल्या पेरावूरचा हा खेळाडू पुढे इटलीत जाऊन व्यावसायिक खेळला, १९८६ च्या सोल आशियाई स्पर्धेत ब्राँझ जिंकलेल्या भारतीय टीममध्ये होता आणि पुढच्याच वर्षी इटलीत अपघातात गेला. त्याची उडी बघितलेले लोक अजून सांगतात की तो वर जाऊन थांबायचा.

खरं तर हवेत कोणीच थांबू शकत नाही, पण थांबल्यासारखं वाटतं त्याला कारण आहे. कुठल्याही उडीत हवेतला निम्मा वेळ वरच्या पाव भागात जातो. ६० सेंटीमीटरची उडी असेल तर हवेत तुम्ही एकूण साधारण ०.७ सेकंद असता आणि त्यातला अर्धा वेळ वरच्या १५ सेंटीमीटरमध्येच. चांगला प्लेअर हा वेळ वापरतो. हात ताणून धरतो, गुडघ्यात पाय मागे दुमडतो, ब्लॉक बघतो आणि मग मारतो. नवीन पोरगं जमीन सोडता सोडता मारून मोकळं होतं, म्हणून त्याला तो वेळ मिळतच नाही. वर जाताना हात ताणा, मारायचं टोकाला.

खांदा दुखतो. खेळत राहू का?

नाही. हे मी अगदी कळकळीने सांगतोय कारण खांद्यापायी मी स्वतः दीड वर्ष बाहेर बसलोय. कॉलेजात असताना वॉर्मअप न करता थेट नेटवर जायचो, कोपर खाली पडायचा, आणि दुखायला लागलं तरी बाम चोळून खेळायचो. तेव्हा कोणी थांबवलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी उतरणारं हलकं दुखणं वेगळं. पण हात वर नेताना टोचतं, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, हात मध्येच लुळा पडल्यासारखा वाटतो, तर स्मॅश बंद आणि ऑर्थोपेडिक डॉक्टर किंवा फिजिओ. अजून एक बघा, शर्ट काढून कोणाला तरी पाठीमागून बघायला सांगा. मारणाऱ्या बाजूच्या फऱ्यावर दुसऱ्या बाजूपेक्षा खळगा पडलेला दिसला तर तिथला स्नायू सुकत चाललाय. हे व्हॉलीबॉलवाल्यांमध्ये दिसतं, तिथली नस दाबली किंवा ताणली गेल्यामुळे होतं, आणि बऱ्याचदा दुखत पण नाही, म्हणून लक्षात येत नाही.

दुखत नसेल तरी रबर ट्यूबचे व्यायाम रोज करा. ट्यूब खांबाला बांधायची, कोपर बरगडीला चिकटवून हात बाहेरच्या बाजूला ओढायचा, सावकाश, पंधराचे दोन सेट. जिमला जाणारी पोरं छातीचं भरपूर करतात आणि पाठीचं सोडतात, खांद्याला ब्रेक लावायचं काम पाठीमागचे स्नायू करतात हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

मारून झाल्यावर नेटला हात लागतो किंवा लाईनच्या पलीकडे जातो.

ब्रेकचं पाऊल कमी पडतंय. टाच टेकून मागे रेललात तर पुढचा वेग वर वळतो, नाहीतर तो तुम्हाला नेटमध्ये घेऊन जातो. बॉल पण नेटला चिकटून येत असेल तर सेटरला अर्धा मीटर मागे द्यायला सांगा. नियम सांगायचा तर पाऊल मधल्या लाईनवर किंवा लाईनच्या बरोबर वर थोडं तरी असेल तर पलीकडे गेलेलं चालतं, पूर्ण पलीकडे गेलं की फाऊल. पण नियमापेक्षा घोट्याचा विचार करा. समोरच्याच्या पावलावर पाऊल पडून घोटा मुरगळणं हे या खेळातलं सगळ्यात नेहमीचं दुखणं आहे.

मागच्या लाईनवरून मारताना काय बदलतं?

उडी तीन मीटरच्या लाईनच्या मागून घ्यायची, उतरताना पुढे उतरलात तर चालतं. त्यामुळे इथे ब्रेक थोडा कमी आणि उडी पुढच्या दिशेने. बाकी सगळं तेच.

मला फक्त क्रॉस येतो, लाईन मारता येत नाही.

चार नंबरवरून तिरकं धावत येता म्हणून क्रॉस आपोआप येतो. लाईनसाठी अप्रोच बदलू नका, बदललात की ब्लॉकरला आधीच कळतं. अप्रोच तोच, हवेत अंग जरा जास्त फिरवून छाती लाईनकडे आणा आणि हात बॉलच्या किंचित उजव्या कडेवर बसवा, बॉल डावीकडे जाईल. हे जमायला बॉल पुढे असणं गरजेचं, मागे गेलेल्या बॉलवर लाईन मारता येत नाही. लाईनच्या कोपऱ्यात एक पोतं टाका आणि दहातले किती त्यावर पडतात ते मोजा.

मी आधी शूटिंगबॉल खेळायचो, त्याची सवय आड येते का?

आपल्याकडे खूप पोरं तिथूनच येतात. बॉलचा अंदाज, नजर आणि बिनधास्तपणा हे सगळं त्यांच्याकडे तयार असतं, ते शिकवावं लागत नाही. अडचण येते ती लिफ्टवर धावत येऊन एका हाताने वर मारायची, कारण त्या खेळात हा प्रकारच नाही. अशा मुलांना मी बॉल न देता महिनाभर नुसती पावलं देतो. कंटाळतात, पण एकदा पाय बसले की बाकीच्यांच्या पुढे जातात.

सेटरच नाही, एकट्याने काय प्रॅक्टिस करू?

भिंत पाहिजे फक्त. भिंतीपासून चार पाच मीटरवर उभे राहा, डाव्या हाताने बॉल थोडा वर टाका आणि भिंतीच्या मीटरभर अलीकडे जमिनीवर आपटेल असा मारा. जमिनीवरून भिंतीवर आणि तिथून उडून परत तुमच्याकडे. परत आलेला बॉल हाताखाली येईपर्यंत पाय हलवा आणि परत मारा. सलग वीस झाले की हात बसतोय असं समजा. आवाज जड यायला लागतो.

बॉल नसताना पावलं. अंगणात, गच्चीवर, कुठेही. रोज तीस अप्रोच, मातीवर उडी अर्धी, गच्चीवर नुसती पावलं, ताल मात्र पूर्ण.

पावसाळ्यात ग्राऊंडवर चिखल. बूट घालावेत की अनवाणी?

ओल्या मातीवर ब्रेकचं पाऊल टाकू नका, तिथे गुडघा जातो. जून ते सप्टेंबर आम्ही शाळेच्या व्हरांड्यात भिंतीवर हात, ट्यूब आणि पावलांचा ताल इतकंच करतो. उड्या फरशीवर किंवा काँक्रीटवर अजिबात नको. सुक्या मातीवर अनवाणी खेळणारे खूप आहेत, पण टाच टेकवायची भीती बसते म्हणून ते पंजावरच उडी घेतात. सपाट रबरी सोलचे साधे बूट घ्या. जाड टाचेचे पळायचे बूट घोट्याला धोक्याचे.

मी नववीत आहे, शाळेच्या टीममध्ये आहे. रोज किती स्मॅश मारू? मला लवकर शिकायचंय.

तुझी हाडं अजून वाढतायत, म्हणून मोजून मार. मी तुझ्या वयाच्या मुलामुलींना आठवड्यातून तीनच दिवस पूर्ण उडीचे स्मॅश देतो, एका दिवसात चाळीसच्या वर नाही. बाकी दिवशी भिंत, टेनिस बॉल आणि पावलं. नेट खाली घेऊन शिक, त्यात कमीपणा काही नाही. उंच नेटवर शिकलं की कोपर वाकवून बॉल कसातरी पलीकडे ढकलायची सवय लागते आणि ती काढायला पुढे दोन वर्षं जातात. गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागलं तर लगेच सरांना आणि घरी सांग, लपवू नकोस.

किती दिवसांत फरक दिसेल?

पावलांचा ताल दोन तीन आठवड्यांत. कोपर वर राहायला दोन महिने धरा. मॅचमध्ये समोर ब्लॉक असताना सगळं आपोआप व्हायला एक पूर्ण सीझन. मध्ये एक काळ असा येतो की जुनं सुटलेलं असतं आणि नवीन आलेलं नसतं, त्याच काळात बहुतेक जण परत जुन्यावर जातात. त्या दिवसांत मॅच कमी खेळा.

मोबाईलवर शूट करून बघतो, पण नक्की काय बघायचं?

स्लो मोशन लावा, मोबाईल नेटच्या खांबाजवळ कंबरेच्या उंचीवर ठेवा म्हणजे तुम्ही बाजूने दिसाल. चार ठिकाणी थांबवून बघा. लांब पाऊल टेकलं तेव्हा हात मागे किती वर आहेत. पाय जमीन सोडतात तेव्हा बॉल टोकाला आहे की खाली यायला लागलाय. हात ताणलाय तेव्हा कोपर खांद्याच्या वर आहे की खाली. आणि बॉलला हात लागतो त्या फ्रेममध्ये हात सरळ आहे का, बॉल डोक्याच्या पुढे आहे का. मग एकदा मागून शूट करा, त्यात पावलांची बोटं कुठे वळलीत ते कळतं. एका दिवशी एकच गोष्ट दुरुस्त करायला घ्या आणि त्याची तारीख टाकून व्हिडिओ ठेवा, महिन्याने दोन्ही शेजारी लावून बघता येतील.